डोंगरावर भेटलेला देव रविवारी कुठे जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहाटे डोंगरमाथ्यावर किंवा समुद्रासमोर उभं राहिलं की देव आहे याबद्दल मनात शंकाच उरत नाही, पण रविवारी उपासनेत बसलं की तीच खात्री विरून जाते. तुमचा भाऊ म्हणतो, हा मेंदूतल्या रसायनांचा खेळ आहे. मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणतात, जपून, याला सृष्टिपूजा म्हणतात. आणि तुम्ही विचारता, ‘माझा विश्वास खरा आहे, की मी नुसत्या चांगल्या हवेलाच देव म्हणतोय?’

पंचवीस वर्षं पाळक म्हणून काम करताना आणि माणसांना घेऊन रिट्रीटला, म्हणजे एकांतातल्या प्रार्थनाशिबिराला, जाताना हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे, पण ‘चांगल्या हवेला देव म्हणणं’ हे शब्द पहिल्यांदाच ऐकले. ते तुमच्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवतात.

आधी त्या बाईंचं. त्यांना उडवून लावू नका, त्यांची भीती पवित्र शास्त्रातूनच आली आहे. शास्त्राचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र यांची नावंसुद्धा घेतलेली नाहीत. ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढंच म्हटलं आहे, कारण आजूबाजूची राष्ट्रं त्यांना देव मानत होती. लिहिणाऱ्यानं त्यांना जणू कंदिलाच्या पंक्तीत बसवलं. जुन्या करारातला ईयोब, सगळं गमावून बसलेला नीतिमान माणूस, आपल्या निर्दोषपणाची यादी सांगताना म्हणतो की तळपणारा सूर्य आणि डौलानं चालणारा चंद्र पाहून माझं मन गुपचूप भुललं नाही. म्हणजे भुलण्यासारखं काहीतरी तिथं होतं, हे तो कबूल करतो. आणि 121 वं स्तोत्र तर आपण निम्मंच लक्षात ठेवतो. ‘मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो’ हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. पुढचा प्रश्न मात्र आहे, ‘मला साहाय्य कोठून येईल?’ आणि उत्तर डोंगर हे नाही. उत्तर आहे आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा.

पण म्हणून डोंगराकडे पाठ फिरवायची असंही शास्त्र कुठं सांगत नाही. त्याच पहिल्या अध्यायात सृष्टीबद्दल ‘चांगले’ हा शब्द सात वेळा येतो. दुसऱ्या अध्यायात बागेतल्या झाडांचं वर्णन आहे: दिसायला सुंदर आणि खायला चांगली. हा क्रम मला नेहमी थांबवतो. खाण्याच्या आधी दिसणं आलं. निव्वळ उपयोगाचा हिशेब असता तर त्या पहिल्या शब्दाची गरजच नव्हती.

पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानं आपल्या आत्मनिवेदनात हा पेच सोडवला आहे. तो पृथ्वीला विचारतो, समुद्राला विचारतो, वाऱ्याला, सूर्याला, चंद्राला विचारतो, तूच का माझा देव? सगळे म्हणतात, आम्ही नव्हे, त्यानं आम्हांला घडवलं. आणि मग तो म्हणतो की माझं लक्ष देणं हाच माझा प्रश्न होता आणि त्यांचं सौंदर्य हेच त्यांचं उत्तर. त्या बाईंना हे वाक्य जरूर ऐकवा. सृष्टिपूजा करणारा माणूस प्रश्नच विचारत नाही, तो पोचलेला असतो. तुम्ही अजून विचारताय.

आता खरी अडचण. डोंगरावर तुम्हांला जे कळतं ते किती, याची मर्यादा प्रेषित पौलानं रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात घालून दिली आहे. निर्मिलेल्या गोष्टींवरून देवाबद्दल काय समजतं? त्याचं सनातन सामर्थ्य आणि त्याचं देवपण. दोनच गोष्टी. तो क्षमा करतो का, माझं नाव त्याला ठाऊक आहे का, माझ्या आजारी आईचं त्याला काही वाटतं का, यातलं एक अक्षर पौल तिथं लिहीत नाही. समुद्राला हे ठाऊकच नाही, तो सांगणार कुठून? धर्मशास्त्र शिकताना आम्ही सृष्टीतून कळतं त्याला सामान्य प्रकटीकरण आणि वचनातून कळतं त्याला विशेष प्रकटीकरण म्हणत असू आणि परीक्षेपुरतं पाठ करून विसरत असू. मला त्याचा अर्थ परीक्षेनंतर सात वर्षांनी कळला.

मंडळीतल्या एका चार वर्षांच्या मुलीचा दफनविधी मी केला. संध्याकाळ होती. पेटीवर माती पडत होती आणि पश्चिमेला असा काही सूर्यास्त झाला की आयुष्यात क्वचितच पाहावा. केशरी, मग जांभळा, ढगांच्या कडा सोन्याच्या. मला संताप आला. त्या सौंदर्याला लाज नव्हती. मुलीच्या आईनं एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली. त्या क्षणी कुणी माझ्या कानात ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते’ म्हटलं असतं तर मी त्याला तिथून जायला सांगितलं असतं.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालमधल्या लिस्बनची चर्चं भरलेली असताना भूकंप झाला. मागून समुद्र आत आला, मग आग लागली. त्या दिवसानंतर युरोपात ‘सृष्टी पाहा म्हणजे देव कळेल’ हे पूर्वीच्या सहजतेनं म्हणणं अवघड झालं. 1860 साली डार्विननं आसा ग्रे या आपल्या ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं की काही गांधीलमाश्यांसारखे कीटक जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालतात, त्यांच्या अळ्या त्याला आतून खातात, आणि हे दयाळू व सर्वशक्तिमान देवानं मुद्दाम योजलं असं मला मानवत नाही. प्रामाणिक वाक्य आहे. ज्याचा विश्वास फक्त फुलपाखरांवर उभा आहे त्याच्यापाशी याला उत्तर नसतं.

म्हणून मी लोकांना ईयोबाचे 38 ते 41 हे अध्याय बाहेर, मोकळ्या आकाशाखाली वाचायला लावतो. मुलं मेलेली, अंगभर फोडं, आणि देव वावटळीतून बोलतो तेव्हा काय बोलतो? मुलांबद्दल एक शब्द नाही. तो प्राण्यांबद्दल विचारतो. रानबकऱ्या कधी वितात तुला माहीत आहे का? जिथं माणूस नाही त्या ओसाड जमिनीवर पाऊस कोण पाडतो? शहामृगी आपली अंडी जमिनीवर सोडून जाते, ती पायाखाली चिरडतील हे तिच्या ध्यानात राहत नाही, तिला अक्कल दिलेलीच नाही. गरुडाची पिलं रक्त पितात. लक्षात घ्या, देव इथं सृष्टीचं गोंडस चित्र काढत नाही. रक्त आहे, मूर्खपणा आहे, माणसाच्या काहीही उपयोगाचा नसलेला पाऊस आहे. आणि हे सगळं ऐकून ईयोब म्हणतो, तुझ्याविषयी मी कानांनी ऐकलं होतं, आता माझा डोळा तुला पाहतो. त्याला कारण मिळालं नाही. त्याच्या दुःखाहून मोठं आणि तरी कुणाच्या तरी हातात असलेलं एक जग त्याला दिसलं. दरवेळी वाचताना मला हे उत्तर पुरतं असं नाही. पण ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’ या आपल्या सांत्वनापेक्षा ते कितीतरी खरं वाटतं.

त्या मुलीची आई कशानं सावरली? डोंगरानं नव्हे. तिनं मला पुढं सांगितलं की तिला वधस्तंभाखाली उभी असलेली मरीया पुरली, कारण तिथंही एका आईचं मूल होतं. सृष्टी इथवर येऊ शकत नाही, इथं शुभवर्तमानच लागतं. मात्र योहान म्हणतो की जे काही झालं ते ‘शब्दा’द्वारे, म्हणजे ख्रिस्ताद्वारेच झालं, आणि कलस्सैकरांस पत्रात आहे की सर्व काही ख्रिस्ताच्या ठायी टिकून आहे. डोंगर ज्याच्यामुळे उभा आहे तोच टांगला गेला. हे एकदा उमगलं की डोंगराकडे पाहण्याची नजर बदलते. त्याच्याकडून प्रेमाचा पुरावा मागणं आपण सोडतो, आणि गंमत म्हणजे मग तो जास्त आवडू लागतो.

भावाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवू नका. तो म्हणतो त्यात खोटं काही नाही. मावळतीला प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो, वाटेत निळा विखुरला जातो, लाल-केशरी आपल्यापर्यंत पोचतो. डोंगर चढून गेल्यावर मेंदूत रसायनं पाझरतात. आईचं पत्र वाचतानाही पाझरतात, म्हणून पत्र कुणी लिहिलंच नाही असं ठरत नाही. पण तुम्हीही त्याच्याशी वाद घालताना सूर्यास्त पुरावा म्हणून पुढं करू नका. इंग्रज धर्मपंडित न्यूमननं 1870 मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की देवावर विश्वास असल्यामुळे मला सृष्टीत योजना दिसते, योजना दिसते म्हणून मी देवावर विश्वास ठेवत नाही. माझाही अनुभव असाच आहे. पुढं मानवी जनुकांच्या प्रकल्पाचे प्रमुख झालेले फ्रान्सिस कॉलिन्स एकदा पहाडात फिरायला गेले असताना तीन धारांत गोठलेला धबधबा त्यांना दिसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवानं भिजलेल्या गवतात गुडघे टेकून त्यांनी ख्रिस्ताला शरण जायचं ठरवलं. गोष्ट अशी सांगितली की भावासारखी माणसं हसतात. मधलं गाळलेलं असतं ना! नास्तिक असलेला हा डॉक्टर त्याआधी बराच काळ रुग्णांच्या खाटेशी बसून, वाचून, विचार करून झगडत होता. धबधब्यानं युक्तिवाद केला नाही. दार आधीच किलकिलं झालं होतं, त्यानं ते ढकललं.

आता ज्यासाठी तुम्ही लिहिलंत ते. डोंगरावरची खात्री घरी का टिकत नाही? माझं मत असं की तुम्ही सृष्टी पाहत नाही, दृश्य पाहता. दृश्य मोठं असावं लागतं, दुर्मीळ असावं लागतं, आणि दरवेळी मागच्यापेक्षा सरस असावं लागतं. त्याचा अंमल असतो आणि अंमल उतरतो. याला चांगली हवा म्हणणं बरोबरच आहे.

प्रभू येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात कुठलंही भव्य दृश्य दाखवलं नाही. पाखरं आणि रानफुलं दाखवली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये पाखरांसाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ नजर रोखून पाहा असा होतो. फुलांसाठीचं त्याहून कडक आहे: नीट अभ्यासा, शिकून घ्या. ‘शिष्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्याच धातूपासून आला आहे. म्हणजे फुलाचं शिष्य व्हायचं. लूकच्या शुभवर्तमानात पाखरांच्या जागी कावळे आहेत, जे जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या यादीत अशुद्ध. चिमण्यांचा तर येशूनं बाजारभाव सांगितला. मत्तयात एका दमडीला दोन, लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. हिशेब करा, पाचवी फुकट पडली. जिची किंमतच नाही तिचाही देवाला विसर पडत नाही, असं तो म्हणतो. याला दुर्बीण लागत नाही की रजा टाकावी लागत नाही.

सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक फ्रेंच मनुष्य होऊन गेला. पुढं तो पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबला. अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्यानं एक निष्पर्ण झाड पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की थोड्याच दिवसांत याला पानं फुटतील, मग फुलं, मग फळं. बस, एवढंच. चाळीसहून जास्त वर्षांनी तो म्हणाला की त्या दिवशी देवाविषयी जे प्रेम मनात पेटलं ते नंतर वाढलं की नाही हे मला सांगता येत नाही. झाड सुंदर नव्हतं, वाळकं होतं. त्याच्याही आधी, 1373 मध्ये, इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या ज्युलियन या साध्वीला दर्शनात तळहातावर हेझलनटएवढी एक वस्तू दिसली. हे काय, असं तिनं विचारलं, तर उत्तर आलं, निर्माण झालेलं सगळं हे एवढंच आहे. इतकं चिमुकलं टिकतं कसं याचं तिला नवल वाटलं. टिकतं, कारण देव त्याच्यावर प्रेम करतो.

तेव्हा रिट्रीटला येणाऱ्यांना मी जे करायला लावतो ते तुम्हांला सांगतो. घराजवळचं एक झाड निवडा. देखणं निवडू नका, रोज जाता येईल असं निवडा. आठवड्यातून निदान चार दिवस वीस मिनिटं त्याच्यापाशी उभं राहा किंवा बसा. फोन घरी. पहिली पाच मिनिटं नुसती चुळबुळ होईल, होऊ द्या. मग पाहा: साल, मुंग्या, मेलेली फांदी, कोणत्या बाजूला पालवी आधी येते. घरी आल्यावर वहीत दोन-तीन ओळी लिहा, पण काय वाटलं ते नको, काय दिसलं ते लिहा. हा नियम मी कडक ठेवतो. ‘मनाला शांती लाभली’ असं लिहिलेल्या वह्या दुसऱ्या आठवड्यातच बंद पडतात. ‘खालच्या फांदीवर तीन नवी पानं, एकाला अळी’ अशा वह्या वर्षभर चालतात. वीस मिनिटांच्या शेवटी जे पाहिलं त्यातल्या एका गोष्टीसाठी नाव घेऊन आभार माना. ‘सुंदर सृष्टीबद्दल धन्यवाद’ असं घाऊक नको. तीन पानांबद्दल. वाटलं तर अळीबद्दलही, डार्विनला स्मरून.

आणि कृपा करून दृष्टांत काढू नका. हा आम्हां पाळकांचा व्यवसायरोग आहे. फूल दिसलं की आम्ही लगेच ‘यातून आपण काय शिकतो’ सुरू करतो आणि फूल पाहायचं राहून जातं. मी स्वतः कित्येक वर्षं निसर्गात जायचो तो रविवारच्या संदेशासाठी सामान गोळा करायला. 104 थ्या स्तोत्रात देवानं समुद्रात लिव्याथान हा महाकाय प्राणी खेळण्यासाठी निर्माण केला असं आहे. खेळण्यासाठी! तात्पर्य नाही. रेव्हरंड टिळकांना मराठीनं फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखलं, आणि ख्रिस्ताची भजनं लिहिली तीही त्यांनीच. फुलांना त्यांनी भजनाची पायरी म्हणून राबवलं नाही, म्हणून तर ती फुलं मराठीत टिकली.

राहिला रविवार. मार्क सांगतो की येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत असे. लूक सांगतो की शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात जाणं हा त्याचा परिपाठ होता. त्यानं दोन्हींतलं एक निवडलं नाही, आणि सभास्थानातलं प्रवचन दरवेळी रंगत असेल असं मला वाटत नाही. 19 व्या स्तोत्राचे दोन भाग पाहा. पहिला आकाशाचा: वाणी नाही, शब्द नाही, तरी त्याचा सूर पृथ्वीभर पोचतो. मग मध्येच वळण न देता दुसरा सुरू होतो, परमेश्वराचं नियमशास्त्र. आणि शेवट होतो तो गुप्त पापांची क्षमा मागत. आकाशानं तोंड उघडून पाप दाखवलं नसतं, त्याला वचन लागलं. तुम्ही आकाशापाशी थांबताय आणि उपासनेला वचनापासून सुरुवात होते, म्हणून तुमचा सांधा जुळत नाही. रविवारी वही खिशात घेऊन जा. आभाराच्या प्रार्थनेच्या वेळी आठवड्यातली ती तीन पानं, ती मुंग्यांची रांग मनात घ्या. शेजारी बसलेल्या माणसाकडेही त्याच नजरेनं बघून पाहा. झाडापेक्षा अवघड असतो तो, आधीच सांगून ठेवतो.

असिसीचा संत फ्रान्सिस सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणत देवाची स्तुती करतो ते गीत तुम्ही ऐकलं असेल. ते त्यानं रचलं 1225 च्या सुमारास, मरणाच्या वर्ष-दीड वर्ष आधी. तेव्हा डोळ्यांच्या विकारानं तो जवळजवळ आंधळा झाला होता आणि सूर्याचा उजेड त्याला सोसत नव्हता. ज्या भावाची तो स्तुती करत होता त्याच्याकडे त्याला पाहता येत नव्हतं. त्यानं जन्मभर पाहून ठेवलं होतं.

तुम्हांला पहिले काही आठवडे काहीच वाटणार नाही. डोंगरावर जे भरून येतं त्याच्या शतांशही नाही. तेव्हा मला रागावून लिहू नका, वहीत तारीख टाका आणि लिहा, ‘आज काही दिसलं नाही.’ माझ्या वह्यांत अशी पानं पुष्कळ आहेत. मध्यंतरी चाळताना एका पानावर तीच ओळ होती आणि खाली बारीक अक्षरात, ‘पाऊस. झाडाखाली एक कावळा, भिजलेला. दोघंही थांबलो.’

डोंगरावर जाणं मात्र सोडू नका.